मांडीमागचा स्नायू ताणला तर : मैदानासाठी आणि वसतिगृहासाठी आरोग्यपाठ

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रकल्पस्तरीय क्रीडास्पर्धा चालू होत्या. मुलींच्या २०० मीटर शर्यतीत दहावीतली एक मुलगी वळण संपवून सरळ पट्ट्यात आली आणि एकदम लंगडत थांबली. उजवी मांडी मागून दोन्ही हातांनी धरून ती खाली बसली. मी पोचले तेव्हा ती रडत नव्हती, मागे वळून बघत होती. "ताई, मला दगड कोणी मारला?" एवढेच तिने विचारले.

दगड कोणीच मारला नव्हता. भौतिकोपचाराचे काम करताना हे वाक्य मी कितीतरी खेळाडूंच्या तोंडून ऐकले आहे. कुणी म्हणतो दगड लागला, कुणी म्हणतो मागून लाथ बसली, कुणाला आत 'टक्‌' असा आवाज आल्यासारखे वाटते. वेगात धावताना मुलगा असे म्हणाला आणि त्याचा हात मांडीच्या मागच्या बाजूला गेला, तर निदान निम्मे झाले असे समजा.

मी पोचेपर्यंत दोन भली माणसे मदतीला धावली होती. एकाने पाय सरळ वर उचलून पंजा दाबायला सुरुवात केली होती, पायात गोळा आल्यावर करतात तसा. दुसऱ्याने झोंबणारे मलम काढून जोरात चोळायला घेतले होते. दोघांचा हेतू चांगला, आणि दोन्ही उपाय चुकीचे. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. कामाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका कबड्डीपटू मुलाच्या मांडीला त्याच रात्री मोहाच्या बियांचे तेल गरम करून चोळू दिले होते. "आमच्याकडे असेच करतात," तो म्हणाला आणि मी मान डोलावली. सकाळी त्याची मांडी गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती. नंतरचे तीन आठवडे त्याच्याकडे बघताना मला माझी मान आठवत असे.

आपल्या आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत धावणे, कबड्डी, खो-खो हे खेळ मुले जीव ओतून खेळतात. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून आमच्या भागात पहाटे रस्त्याने पळणारी मुले दिसणे ही नवलाई राहिलेली नाही. डॉक्टर मात्र मैदानापासून तासभर लांब असतो. म्हणून हा पाठ क्रीडाशिक्षक, अधीक्षक, अधीक्षिका आणि आरोग्यसेविका यांच्यासाठी लिहीत आहे.

काय तुटते आणि का तुटते

खुर्चीवर किंवा ओट्यावर बसा आणि एक तळहात कुल्ल्याखाली घाला. हाताला टोचते ते बसायचे हाड. तिथून तीन लांब स्नायू निघतात, मांडीच्या मागून खाली येतात आणि गुडघा ओलांडून नळीच्या हाडांना चिकटतात. आता टाच खुर्चीच्या पायाला मागे दाबा आणि गुडघ्याच्या लवणीत बोटे घाला. दोन्ही बाजूंना दोरखंडासारख्या ताठ कंडरा लागतील. या सगळ्या समूहाला हॅमस्ट्रिंग म्हणतात. बाहेरच्या बाजूचा स्नायू म्हणजे बायसेप्स फिमोरिस, आतले दोन म्हणजे सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. नावे पाठ केली नाहीत तरी चालेल, जागा लक्षात ठेवा.

हे स्नायू गुडघा वाकवतात, एवढेच शाळेत शिकवले जाते. धावणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळे आहे. पाय वेगाने पुढे फेकला जातो तेव्हा पाऊल टेकण्याच्या आधीच्या क्षणी पुढे झेपावणारी नळी हेच स्नायू मागून आवरतात. घाटाच्या उतरणीला गाडी ओढायची नसते, आवरायची असते, आणि तेव्हा बैलाच्या मानेवर किती भार येतो ते शेतकऱ्याला माहीत असते. हॅमस्ट्रिंगचेही तसेच आहे. तो लांब होत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. या आवरण्याच्या क्षणीच त्याचे तंतू तुटतात. म्हणून ही दुखापत सावकाश पळताना फारशी होत नाही. ती वेग वाढवताना होते, थकलेल्या पायाला होते, किंवा थंड अंगाने एकदम सुसाट सुटल्यावर होते.

दुसरा प्रकार संथ असतो. कबड्डीत पाय लांब टाकून पंजाने गडी टिपताना, किंवा नाचात पाय उंच नेताना स्नायू प्रमाणाबाहेर ताणला जातो. यात बहुधा आतला स्नायू बसायच्या हाडाजवळ दुखावतो. गंमत अशी, की या प्रकारात सुरुवातीला फारसे दुखत नाही. मुलगा उठतो, खेळतो, आणि बरे व्हायला मात्र यालाच जास्त वेळ लागतो. स्वीडनमध्ये वेगवान धावपटू आणि नर्तक यांच्या अशा दुखापतींचा शेजारी शेजारी अभ्यास झाला. निम्म्या धावपटूंना पूर्वीच्या ताकदीने धावायला १६ आठवड्यांहून जास्त लागले. निम्म्या नर्तकांना ५० आठवड्यांहून जास्त लागले. "दोन आठवडे आराम कर, होईल बरे" असे आपण सहज म्हणून टाकतो, तेव्हा हे आकडे आठवावेत.

डॉक्टर दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत थोडे तंतू ताणले जातात, चालता येते, दाबले की दुखते. दुसऱ्या पायरीत बरेच तंतू तुटतात, माणूस लंगडतो, एक-दोन दिवसांनी काळेनिळे दिसू लागते. तिसऱ्या पायरीत स्नायू पूर्ण तुटतो किंवा हाडापासून सुटतो. कधी हाताला खड्डा लागतो, पायावर भार देववत नाही. पहिल्या पायरीला साधारण एक ते तीन आठवडे, दुसरीला चार ते आठ आठवडे धरावेत. तिसरीला महिने लागतात आणि कधी शस्त्रक्रियाही. पण हे अंदाज आहेत. स्नायू आपले कॅलेंडर बघून भरत नाही.

स्नायू नाही, दुसरेच काही असेल तर

आपल्या मुलांच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिली शंका हाडाची. तेरा-चौदा ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींत बसायच्या हाडाचे टोक अजून पुरते जुळलेले नसते, तिथे वाढीची कूर्चा असते. मोठ्या माणसाचा स्नायू तुटतो तशाच झटक्यात या वयात कधी कधी स्नायू शाबूत राहतो आणि हाडाचा तुकडाच उपटून निघतो. दुखणे मांडीच्या मध्यावर नसून अगदी वर, कुल्ल्याच्या घडीपाशी असेल, मुलाला बसवत नसेल, एका कुल्ल्यावर तिरपे बसत असेल, तर त्याला 'शीर ताणली' म्हणून झोपवून ठेवू नका. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन ओटीपोटाच्या हाडांचा एक्स-रे काढून घ्या. बहुतेकदा कुबड्या आणि विश्रांतीवर भागते. तुकडा फार सरकला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. लवकर कळले तर सोपे जाते. चोळण्याने किंवा ओढण्याने तो तुकडा आणखी सरकतो.

दुसरी शंका सिकलसेलची. आपल्या आदिवासी भागात हा आजार आहे हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, आणि वयाच्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीने, तहानेने, अति श्रमाने हातापायांत तीव्र कळा येतात. मैदानावर ते दुखणे स्नायूच्या दुखण्यासारखेच वाटू शकते. फरक असा, की स्नायू तुटल्याचा एक नेमका क्षण असतो आणि बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा असते. सिकलसेलच्या कळेला असा क्षण सांगता येत नाही. ती दोन्ही पायांत, पाठीत किंवा छातीतही असू शकते, सोबत ताप असतो, डोळे पिवळट दिसतात. अशा मुलाला बर्फ लावायचा नाही. थंडीने रक्ताच्या पेशी आणखी अडकतात. त्याला ऊब द्या, पाणी द्या आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

सिकलसेलचा केवळ वाहक असलेला मुलगा एरवी निरोगी असतो आणि त्याने खेळायला काहीच हरकत नाही. पण उन्हात एकामागून एक जोराच्या फेऱ्या मारताना असा मुलगा पाय लुळे पडून खाली बसला, स्नायू गोळा आल्यासारखे ताठ नसून मऊ असले आणि दम आवरत नसला, तर 'नाटक करतोय, उठ' असे म्हणू नये. ही तातडीची वेळ आहे. १०८ ला फोन करा. क्रीडाशिक्षकाच्या वहीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या सिकलसेल तपासणीची नोंद असावी, असा माझा आग्रह आहे. त्या दोनशे मीटरच्या मुलीची नोंद अधीक्षिकांच्या वहीत होती, म्हणून मी निर्धास्तपणे ओले फडके मागवू शकले.

पहिले तीन दिवस

खेळ तिथेच थांबवायचा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंडचा हॅमस्ट्रिंग तुटला. वडील मैदानात धावून आले आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून तो लंगडत शेवटच्या रेषेपर्यंत गेला. ती चित्रफीत मी मुलांना दाखवते, मुलांचे डोळे भरून येतात, माझेही येतात. मग त्यांना सांगते, की तो माणूस त्या दिवसासाठी कितीतरी शस्त्रक्रिया सोसून आला होता. तुमची प्रकल्पस्तरीय फेरी आहे. तुम्ही खाली बसायचे.

मांडीला पंचा किंवा सुती फडके गुंडाळून वर बर्फ, पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. बर्फ कातडीवर थेट ठेवू नये. बर्फ नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके बदलत राहावे, तेवढ्याने भागते. बर्फाने दुखणे कमी होते, स्नायू लवकर भरतो असे नाही. अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चार उपाय एकत्र सांगितले आणि ते जगभर पाठ झाले. त्याच मर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिले, की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणे उलट लांबू शकते. म्हणून बर्फ दुखण्यापुरता, पहिल्या दोन दिवसांपुरता.

क्रेप बँडेज गुडघ्याच्या वरपासून जांघेच्या खालपर्यंत बांधावे. बोटे गार किंवा निळी पडली तर सैल करावे, झोपताना काढावे. पहिले तीन दिवस शेक नाही, चोळणे नाही, पाय ओढणे नाही. मोठ्या मुलांनी दारूपासून लांब राहावे, तिने आत रक्त जास्त साकळते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. इतर वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. दुखरी जागा बधिर करून पळवण्याचे इंजेक्शन कुणी सुचवले तर सरळ नाही म्हणावे.

चालताना काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे बहुतेकांना उलटे वाटते, पण करून पाहा, भार लगेच हलका होतो. आणखी एक गोष्ट शहरातल्या पुस्तकांत सापडत नाही. गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकणे म्हणजे या स्नायूला पूर्ण ताण देणे. आखूड केरसुणीने झाडणे, भाताची आवणी, निंदणी, हे सगळे त्यात आले. मुलगी सुट्टीत घरी गेली, आईला मदत म्हणून दिवसभर वाकून राहिली आणि परत आली ती पुन्हा लंगडत, असे मी पाहिले आहे. म्हणून घरी निरोप स्पष्ट द्यावा, की तीन-चार आठवडे वाकायचे काम नको, बसून करायचे द्या.

नुसते पडून राहणेही चूक

इथवर सगळे पटते. पुढचे पटवणे अवघड जाते. चौथ्या दिवशी मी त्या मुलीला व्यायाम सांगितला तेव्हा अधीक्षिका म्हणाल्या, "ताई, अजून निळं गेलं नाही आणि तुम्ही व्यायाम काय सांगता?"

डेन्मार्कमध्ये मांडीचे आणि पोटरीचे स्नायू तुटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले होते. एका गटाला दुखापतीनंतर दोन दिवसांनी हलका व्यायाम सुरू केला, दुसऱ्याला नऊ दिवसांनी. बाकी व्यायाम तोच. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिला गट साधारण ६२ दिवसांत खेळायला परतला, दुसरा ८३ दिवसांत. सुरुवातीच्या एका आठवड्याच्या आरामाची किंमत शेवटी तीन आठवडे झाली. तुटलेल्या जागी शरीर नवे तंतू घालते, पण ते कोणत्या दिशेने बसवायचे हे त्याला ओढीवरून कळते. ओढच मिळाली नाही तर जागा वेड्यावाकड्या वणाने भरते.

ओढ किती द्यायची? मी मुलांना दहापैकी गुण द्यायला सांगते. दोन-तीन गुणांची कुरकुर चालेल. तीव्र कळ आली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखले तर एक पायरी मागे जायचे.

सुरुवात अशी. उताणे झोपून गुडघा थोडा वाकवायचा आणि टाच जमिनीत दाबून मनात पाच मोजायचे, असे दहा वेळा. पालथे झोपून टाच सावकाश कुल्ल्याकडे आणायची आणि तितक्याच सावकाश खाली सोडायची. सपाट जमिनीवर चालायचे, पावले आखूड. लंगडणे थांबले, की साधारण दुसऱ्या आठवड्यात, उताणे झोपून दोन्ही पाय रोवून कंबर वर उचलायची. मुले याला पूल म्हणतात. दोन पायांचा पूल सहज जमला की एका पायाचा. मग उभे राहून पाठ सरळ ठेवत एका पायावर पुढे झुकून समोरच्या बाकाला हात लावायचा.

पुढचा व्यायाम आमच्या मुलांचा आवडता आहे. गुळगुळीत फरशीवर उताणे झोपायचे, दोन्ही टाचांखाली एक ओले फडके, कंबर वर उचललेली, आणि टाचा हळूहळू लांब सरकवत पाय सरळ करायचे. यात स्नायू लांब होता होता जोर लावतो, म्हणजे धावताना जे काम करायचे त्याचीच संथ तालीम होते. फरशी आपोआप पुसून होते हा वरचा फायदा. या व्यायामाला मात्र घाई नको. आधी पूल दुखल्याशिवाय जमला पाहिजे.

सावकाश पळणे तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, तेही वेगाने चालताना काहीच दुखत नसेल तर. ताणण्याचे व्यायाम मी उशिरा आणि बेताने सांगते. लोकांना वाटते स्नायू आखडला आहे म्हणून ओढावा. पण तो घट्ट वाटतो याचे कारण बहुतेकदा तो अशक्त आणि भ्यालेला असतो हे आहे.

जेवणात वेगळे औषध लागत नाही. डाळ, उसळ, अंडे, नागलीची भाकरी पोटभर, आणि सलग रात्रभर झोप. परीक्षेच्या दिवसांत पहिला बळी झोपेचा जातो, तेवढे अधीक्षकांनी पाहावे.

दुखायचे थांबते तो दिवस

या दुखापतीचा सगळ्यात धोक्याचा दिवस म्हणजे दुखायचे थांबते तो. त्या मुलीच्या बाबतीत तो तेरावा दिवस होता. ती जिना उड्या मारत उतरली आणि मला हसून म्हणाली, "ताई, झाली मी बरी." विभागीय स्पर्धा एकोणिसाव्या दिवशी होती. तिची निवड झालेली होती. शाळेत त्या वर्षी विभागावर जाणारी ती एकटीच. क्रीडाशिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "एकच शर्यत आहे, पट्टी बांधून पळू द्यायचं का?" प्रश्न वाईट हेतूचा नव्हता. दहावीनंतर किती मुली पुन्हा मैदानावर दिसतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. तिचे वडीलही आले होते. ते काहीच बोलले नाहीत, ती जाणार म्हणून घेतलेले नवे बूट मात्र पिशवीत घेऊन आले होते.

मी तिला बोलण्याऐवजी करून दाखवायला सांगितले. उताणी झोपवून गुडघा ताठ ठेवत डावा पाय वर, मग उजवा. उजवा वीतभर खाली अडला. एका पायाचा पूल डाव्याने बावीस वेळा झाला. उजव्याने सातव्या वेळी कंबर थरथरली आणि नवव्याला खाली आली. ती स्वतःच मोजत होती. नऊ म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "चालताना तर काहीच होत नाही." खरेच होते ते. चालण्याला त्या स्नायूची जेमतेम गरज लागते, आणि २०० मीटरला त्याच्या सगळ्या ताकदीची.

पूर्वी हॅमस्ट्रिंग दुखावलेला असणे हेच तो पुन्हा दुखावण्याचे सर्वांत मोठे कारण असते. परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यात सर्वांत वाईट. दुसऱ्यांदा तुटतो तो बहुधा त्याच जागी, आणि पहिल्यापेक्षा जास्त दिवस घेतो.

ती विभागावर गेली नाही. दुसऱ्या शाळेची मुलगी तिच्या जागी गेली. हा निर्णय गोड नव्हता आणि तो गोड करून सांगण्याचा प्रयत्नही मी केला नाही. वडिलांनी बूट वसतिगृहात ठेवून दिले.

परत मैदानावर सोडण्याआधी मी काय बघते ते सांगते. जागा दाबली तर दुखू नये. ताठ पाय दोन्ही बाजूंना सारखा वर जावा. एका पायाचा पूल दोन्हीकडे जवळजवळ सारखाच व्हावा. मग धावण्याच्या पायऱ्या. आधी निम्म्या वेगाने ६०-७० मीटर, परत चालत यायचे, असे सहा-आठ वेळा, एक दिवस सोडून. दोन-तीन वेळा निर्धोक गेले की पाऊण वेग, मग नव्वद टक्के. पूर्ण वेग सर्वांत शेवटी, तोही एकाच दिवशी नाही, वेगवेगळ्या तीन दिवशी. वळणावर पळणे आणि एकदम थांबणे त्यानंतर. आणि शेवटी मी विचारते, "भीती वाटते का?" भीती वाटत असेल तर खेळाडू पाय आखडता घेतो, ते बाहेरून दिसत नाही, त्याला विचारावेच लागते.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे जास्त लागू आहे. मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर, मुलींना ८०० आणि १०० मीटर, आणि ही सगळी चाचणी एकाच दिवशी. पहाटेपासून थंडीत रांगेत उभे राहायचे आणि नाव पुकारले की थेट शंभर मीटर सुसाट. यात स्नायू तुटतो यात नवल नाही. नाव यायच्या वीस मिनिटे आधी जागच्या जागी गुडघे उचलणे, टाचा मागे मारणे, आणि जागा मिळाली तर वेग वाढवत तीन-चार छोट्या धावा. आदल्या पंधरा दिवसांत सरावात एकदाही पूर्ण वेगाने न पळणे हीसुद्धा चूक आहे. त्या भाराची पायाला सवयच राहत नाही.

तुटण्याआधीच स्नायू मजबूत करायचा असेल तर एक व्यायाम सर्वांत खात्रीचा आहे, आणि त्याला एका मित्राखेरीज काही लागत नाही. जमिनीवर गोणपाटाची घडी घालून त्यावर गुडघे टेकायचे. मित्राने मागून दोन्ही घोटे घट्ट धरायचे. पाठ आणि मांड्या एका रेषेत ठेवून अंग पुढे सोडायचे, जमेल तितके सावकाश, आणि आता आवरत नाही असे झाले की हात टेकायचे. याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कमधील ९४२ फुटबॉलपटूंच्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, हा व्यायाम केलेल्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न केलेल्या संघांत ५२. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, पाच-पाचचे दोन डाव पुरे. हळूहळू वाढवत आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी मुले हौसेने वीस करतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाला बसता येत नाही. ते तेवढे सांभाळा. दुखापत झालेल्याला हा व्यायाम अगदी शेवटच्या टप्प्यात द्यायचा.

ती मुलगी दहाव्या आठवड्यात पूर्ण वेगाने पळाली. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती, स्पर्धा एकही उरली नव्हती. मैदानावर क्रीडाशिक्षक, मी आणि पाणी भरायला थांबलेल्या चार-पाच लहान मुली. तिने वडिलांनी आणलेले बूट पहिल्यांदा घातले होते. वळणावर ज्या जागी ती बसली होती तिथे तिने मान किंचित वळवली, वेग मात्र कमी केला नाही. घड्याळात वेळ तिच्या जुन्या वेळेपेक्षा अर्ध्या सेकंदाने जास्त आली, आणि ती त्यावर वैतागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करून विचारले, "मांडी कशी आहे?" ती म्हणाली, "मांडी बरी आहे ताई, बूट चावलेत."

पुढच्या अंकात घोटा मुरगळणे. तोपर्यंत प्रत्येक वसतिगृहाच्या औषधपेटीत चार इंची क्रेप बँडेज दोन, सुती पंचा एक, पॅरासिटामॉल, जवळच्या एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि खेळाडूंच्या सिकलसेल तपासणीची यादी आहे का, एवढे पाहून ठेवावे.